आठ चिपा, सोळा चिपा आणि एक कमी पडलेली तार

पुण्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत एक जुना कॉम्प्युटर आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं त्यावर फॉर्म भरतात, हॉलतिकिटं छापतात. गेल्या पावसाळ्यात त्याचा मदरबोर्ड गेला. प्रोसेसर धडधाकट होता, म्हणून त्यालाच चालेल असा पण एक पायरी पुढचा, इंटेलच्या जी४१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डाचा कारभार बघणाऱ्या चिपा) बोर्ड आम्ही तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणला. जुन्या बोर्डात डीडीआर२ रॅम होती, या बोर्डाला तिच्या पुढच्या पिढीची, डीडीआर३ लागत होती. तेव्हा ४ जीबीची एक कोरी पट्टीही घेतली. सगळं जोडून बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला, आणि कॅबिनेटमधून लांब बीप सुरू झाले.

“काका, रॅम खराब निघाली वाटतं,” शेजारी टॉर्च धरून उभा असलेला मुलगा म्हणाला.

बीप वाजला की पहिला संशय रॅमवर जातो, आणि तो रास्तच आहे. पण रॅम खराब असणं वेगळं आणि या बोर्डाला ती न कळणं वेगळं. या दोन्हींची गल्लत झाली की चांगली पट्टी कचऱ्यात जाते.

सोप्या गोष्टी आधी करून घेतल्या. मेनची पिन काढली, पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबरने हलके पुसले, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिली, बोर्डावरचा बटणसेल पाच मिनिटं काढून ठेवला. दमट हवेत संपर्कांवर थर बसतो आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे. आमची मिटली नाही.

मग पट्टी उजेडात धरून नीट पाहिली. एकाच बाजूला आठ काळ्या चिपा, दुसरी बाजू कोरी. कारण तिथेच होतं.

रॅममध्ये प्रत्येक बिट एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये विद्युतभार म्हणून साठतो आणि एक ट्रान्झिस्टर त्याचं दार उघडतो-लावतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचं पेटंट १९६८ साली मिळालं. हा भार गळत राहतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ नव्याने भरावी लागते. अशा कोट्यवधी घरांतून नेमकं एक घर गाठायचं तर पत्ता हवा: कुठला कप्पा, कुठली ओळ, कुठला स्तंभ. ओळीचा आणि स्तंभाचा क्रमांक एकाच तारांवरून एकापाठोपाठ एक पाठवतात. त्यामुळे तारा वाचतात, पण असलेल्या तारांपलीकडचा पत्ता सांगता येत नाही.

आता आकडे बघा. या पट्ट्यांवरच्या २ गिगाबिटच्या चिपेत ८ कप्पे, प्रत्येकात ३२,७६८ ओळी आणि ओळीत १,०२४ स्तंभ असतात. एका पत्त्यावर ८ बिट. ओळ सांगायला १५ तारा पुरतात. ४ गिगाबिटच्या चिपेत बाकी सगळं तेच, फक्त ओळी दुप्पट, ६५,५३६. म्हणजे सोळावी तार हवी. अभ्यासिकेच्या लॉकरवहीत क्रमांकासाठी दोनच रकाने आखले असतील तर भिंतीवरचा १०० नंबरचा लॉकर वहीत येणार कसा? तसंच हे.

आमच्या पट्टीवर आठ चिपांत ४ जीबी. १ जीबी म्हणजे ८ गिगाबिट, म्हणजे प्रत्येक चिप ४ गिगाबिटची. जी४१ हा २००८ चा चिपसेट. त्याचा मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमला पत्ते पाठवणारा भाग, २ गिगाबिटपर्यंतच्याच चिपा हाताळतो. पट्टीवर आणखी एक बारीक चिप असते, तिच्यात ओळी किती, स्तंभ किती, वेग किती हे सगळं लिहिलेलं असतं. चालू होताना बोर्ड आधी ती वाचतो, आणि न झेपणारी माहिती दिसली की तिथेच थांबतो. काही जुने बोर्ड थांबत नाहीत, निम्मीच रॅम दाखवतात.

इथे एक गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते. त्या काळच्या इंटेल बोर्डांवर हा कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नसायचा, बोर्डावरच्या मोठ्या चिपेत असायचा. एएमडीने तो २००३ मध्ये, तर इंटेलने २००८ च्या अखेरीस प्रोसेसरमध्ये नेला. म्हणून जुन्या मशिनसाठी रॅम घेताना बोर्डाची यादी पाहायची, नंतरच्या मशिनसाठी प्रोसेसरचीही. दुकानात नुसतं “डीडीआर३, ४ जीबी द्या” म्हणणं पुरत नाही. आम्हीही तेवढंच म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन परत तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने ती काउंटरवरच्या एका नव्या बोर्डात लावली. पूर्ण ४ जीबी दिसली. पट्टी निर्दोष होती. मग त्याने एक खोका उपडा केला आणि आम्ही दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा असलेली ४ जीबीची पट्टी शोधू लागलो. सोळा चिपांत ४ जीबी, म्हणजे प्रत्येक चिप २ गिगाबिटचीच. अशा पट्टीवर बहुधा ‘२आर×८’ असं इंग्रजीत छापलेलं असतं: २ म्हणजे आठ-आठ चिपांचे दोन गट, आणि प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देणारी. एक सापडली, वापरलेली पण स्वच्छ. अदलाबदल झाली.

संध्याकाळी ती बसवली. एकच छोटा बीप आला आणि पडद्यावर ४०९६ एमबी उमटलं. वापरलेली पट्टी म्हणून रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, चालवत ठेवली. सकाळी चुका शून्य होत्या.

विंडोज सुरू झाल्यावर त्या मुलाने पुन्हा हाक मारली, वापरण्याजोगी रॅम ३.२५ जीबीच दिसते म्हणून. तिथे पट्टीचा संबंध नव्हता. मशिनवर ३२ बिटचं विंडोज होतं. त्याच्या ४ जीबीपर्यंतच्या पत्त्यांतले काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर उपकरणांसाठी राखीव जातात. ६४ बिटचं टाकू, असं ठरलं, पण रविवारी. त्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख होती आणि प्रिंटरपुढे रांग लागली होती.