नेटवरचं चित्र छापायला आणताना

"मोबाइलवर तर झकास दिसत होतं, कागदावरच कसं फुटलं?" आमच्या छपाईच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. मशीन बिघडलेलं नसतं आणि शाईही संपलेली नसते. आलेलं चित्रच मुळात एवढंसं असतं.

बहुतेक वेळा घडतं ते असं. शोधल्यावर छोट्या चित्रांची जी रांग दिसते, त्यातलंच एक बोटाने दाबून सेव्ह केलेलं असतं. तो फक्त नमुना असतो, रुंदी जेमतेम 300 पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते ठिपके. तोच ए-4 कागदभर ताणला तर इंचाला 36च्या आसपास पिक्सेल येतात, आणि हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला 300 लागतात. म्हणून चित्रावर टॅप करून ते मुळात ज्या पानावर आहे तिथं जा आणि तिथली मोठी फाइल घ्या. ए-4 पूर्ण भरायला 2480 × 3508 पिक्सेल हवेत, 4 × 6 इंचांच्या फोटोला 1200 × 1800 पुरतात. भिंतीवर लावून लांबून बघायचा तक्ता असेल तर निम्म्यावरही भागतं.

स्क्रीनशॉट आणू नका. त्यात फोनच्या पडद्यापुरतेच पिक्सेल येतात, वर बॅटरीची खूण फुकट. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र वाटेत आकसतं. काही जण घरीच चित्र मोठं करून आणतात, किंवा फाइलमध्ये 72चे 300 डीपीआय (इंचाला किती ठिपके तो आकडा) करतात. पहिल्याने फाइल जड होते, दुसऱ्याने फक्त आकडा बदलतो. नसलेला तपशील दोन्हींनी येत नाही.

म्हणूनच छापण्याआधी आम्ही पिक्सेल बघतो. घाईत असलेल्यांना ते रेंगाळणं वाटतं, पण ती दोन मिनिटं तुमचा कागद वाचवतात. चित्र लहान असेल तर तसं आधीच सांगतो आणि किती आकारापर्यंत नीट येईल तेही सांगतो. तरीही मोठंच छापा म्हणालात तर छापू, मात्र त्या प्रतीचे पैसे लागतील. शंका असेल तर कोपऱ्याचा एक तुकडा खऱ्या आकारात छापून दाखवतो. त्यावरून लगेच कळतं.

वाया जाणाऱ्या कागदाचं म्हणाल तर मोठा वाटा थेट वेबपान छापण्याचा. चित्र एक आणि जाहिराती, मेन्यू धरून पानं पाच. शेवटच्यावर फक्त पत्ता आणि तारीख. प्रिव्ह्यू न बघता बटण दाबू नये. चित्रच आणा, पान नको. काळी पार्श्वभूमी शाई पिते आणि साधा कागद तिने ओला होऊन वाकतो. चालत असेल तर ती पांढरी करून देतो.

आणखी एक, 4 × 6चे चार फोटो ए-4वर बसतील असं सगळ्यांना वाटतं. लांबीत जेमतेम 8 मिलिमीटर कमी पडतात आणि तीनच बसतात. आकार किंचित कमी करायची तयारी असेल तर एकाच कागदावर चार निघतात. ही मांडणी आम्हीच करतो, तेव्हा लागणारी सगळी चित्रं एकदम आणलीत तर तुमचा खर्च उतरतो आणि आमचं कापकामही.

छायाचित्रकाराच्या नावाचा शिक्का असलेली चित्रं येतात, "तेवढं पुसून द्या" या विनंतीसकट. ते आम्ही करत नाही. मुक्त परवान्याची, म्हणजे अटी पाळून कुणालाही वापरता येणारी चित्रं विकिमीडिया कॉमन्स या संकेतस्थळावर मिळतात, तीही बहुधा चांगली मोठी. कुठून आणि कशी घ्यायची ते विचारा, दाखवू.