कॉस्प्लेचा स्कर्ट रंगवताना: सुती कापडाचा रंग वेगळा, पॉलिएस्टरचा वेगळा

कॉस्प्लेसाठी, म्हणजे गेम-सिनेमातल्या पात्रासारखा पोशाख करण्यासाठी, स्कर्ट शिवता येत असेल तर शिवणाचं थोडक्यात. पूर्ण घेर हवा असेल तर कंबरेच्या मापाला ६.२८ ने भागायचं, अर्धा हवा असेल तर ३.१४ ने. येणारा आकडा म्हणजे कंबरेसाठी कापायच्या गोलाची त्रिज्या. ७० सेंटिमीटर कंबरेला ती साधारण ११ आणि २२ सेंटिमीटर येते. कापलेला घेर एक रात्र टांगून ठेवायचा, कारण उरेब (धाग्यांना तिरका) पडलेला भाग खाली ओघळतो. मग कडा सारखी करून दुमड घालायची.

खरा घोळ रंगात होतो. फायनल फॅन्टसी १० या व्हिडिओ गेममधल्या यूनासारखा निळ्या-जांभळ्या छटांचा स्कर्ट करायला घेतात, पांढरं सॅटिन आणतात, रंगाच्या पाण्यात उकळतात, आणि फिकट, मळकट कापड हाती येतं. मग सल्ला मिळतो, ‘मीठ टाक, व्हिनेगर टाक.’ हा सल्ला देणं आता थांबायला हवं. व्हिनेगरचा उपयोग लोकर, रेशीम आणि नायलॉनवर, तोही ॲसिड रंग (आम्लाच्या पाण्यात चढणारे) वापरले तरच. मीठ रंगाला सुती धाग्याकडे ढकलतं, पण पक्कं करत नाही. आणि ते सॅटिन बहुतेक वेळा पॉलिएस्टरचं असतं. त्यावर या दोन्हींचा काहीच उपयोग नाही.

सुती, लिनन आणि व्हिस्कोस (रेयॉन) यांना रिॲक्टिव्ह रंग लागतो. कापड अल्कलीत असलं की या रंगाचा धाग्याशी थेट रासायनिक बंध जुळतो, आणि थंड पाण्यात वापरायच्या प्रकारांत तर साध्या खोलीच्या तापमानाला. अल्कलीसाठी धुण्याचा सोडा घ्यायचा, खाण्याचा नव्हे. पाण्यात सोडा पडला की रंग पाण्याशीही जुळायला लागतो आणि काही तासांत निकामी होतो. ते द्रावण उद्यासाठी राखून ठेवण्यात अर्थ नाही. रंगवल्यावर आधी थंड, मग गरम पाण्यात खळबळताना भरपूर रंग सुटतो. घाबरू नका, तो न जुळलेला रंग असतो. जुळलेला कापडातच राहतो.

पॉलिएस्टरमध्ये असा बंध जुळायला जागाच नाही, आणि पाणीही त्यात फारसं शिरत नाही. त्याला डिस्पर्स रंग लागतो. उष्णतेने पॉलिएस्टरच्या साखळ्या सैल होतात, रंगाचे बारीक कण आत शिरतात, आणि थंड झाल्यावर तिथेच अडकतात. म्हणून कारखान्यात हे काम दाबाखाली सुमारे १३० अंशांवर चालतं. घरी पाणी उकळीच्या जवळ धरून बराच वेळ ठेवावं लागतं, तरी गडद छटा कष्टानेच येते. भांडं स्वयंपाकाचं नको, खिडक्या उघड्या हव्यात. ‘सगळ्या कापडांसाठी’ असं लिहिलेली साधी पुडी पॉलिएस्टर रंगवत नाही. तो दावा मला अजिबात पटत नाही.

कापड कोणतं हे दुकानदाराच्या सांगण्यावर सोडू नका. कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरा आणि सिंकवर जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी उरतो. राखही दिसली आणि मणीही, तर कापड मिश्र आहे. रिॲक्टिव्ह रंगात त्यातले सुतीच धागे रंगतील, त्यामुळे छटा ठरवल्यापेक्षा फिकी येणार.

गडदापासून फिकटाकडे छटा उतरवत न्यायची असेल तर मी सुती किंवा व्हिस्कोसच घेईन. कापड सोड्याच्या पाण्यात भिजवा, पिळा, आणि ओलंच रंगात खालून बुडवून हळूहळू वर घ्या. गडद हवा तो भाग जास्त वेळ आत. कापड कोरडं असेल तर रंगाची ठळक रेघ पडते. पॉलिएस्टरची चकाकीच हवी असेल तर तयार रंगीत सॅटिन घ्या. उकळत्या पाण्यात घेर वर-खाली करून छटा साधणं फार जिकिरीचं आहे.

आणि कळ्या जोडून, दुमड घालून मग रंगवणार असाल तर टीप सुती धाग्याने मारा. नेहमीची रीळ पॉलिएस्टरची असते. निळ्या कापडावर तिची प्रत्येक टीप पांढरी उठून दिसते. चेनचंही तसंच. तिची पट्टी बहुधा पॉलिएस्टरची असते, म्हणून चेन रंगवून झाल्यावर, जुळत्या रंगाची लावा.