सागरी बर्फातील लाटांचे स्वस्त मापक

समुद्राचे पाणी गोठून झालेल्या बर्फावर ठेवायचे, त्यातून जाणाऱ्या लाटा मोजणारे छोटे स्वयंचलित यंत्र. उघड्या समुद्रावर वाऱ्याने उठलेल्या लाटा बर्फाच्या कडेने आत शिरतात. आखूड लाटा लवकर विरतात. लांब लाटा मात्र खूप आतपर्यंत पोचतात आणि वाटेतले बर्फाचे तक्ते वाकवून फोडतात. फुटलेला बर्फ लवकर वितळतो आणि वाऱ्याबरोबर सहज वाहतो.

ठेवलेले यंत्र बहुधा परत मिळत नाही. बर्फ वितळतो, दोन तक्ते एकमेकांवर आदळून मधला डबा चिरडतो, कधी बॅटरी संपते. त्यामुळे एकच महागडे यंत्र ठेवण्यापेक्षा दहा स्वस्त यंत्रे पसरणे शहाणपणाचे. लाट किती अंतरात किती विरली हेही अनेक ठिकाणी मोजल्याशिवाय कळत नाही. नॉर्वेच्या हवामान संस्थेतील ज्याँ राबो व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मांडलेला ‘ओपनमेटबॉय’ हा आराखडा यासाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा सुट्या भागांचा खर्च सुमारे ६५० डॉलर होता. जोडणी आणि प्रोग्राम सर्वांना खुले.

डब्यात त्वरणमापक (वेग किती झपाट्याने बदलतो ते मोजणारा सेन्सर), उपग्रहावरून स्थान सांगणारा भाग, छोटा प्रोसेसर, लिथियमचे सेल आणि इरिडियम या उपग्रहांच्या जाळ्यातून संदेश पाठवणारा मोडेम असतो. त्वरणमापकच का, हे मराठवाड्यात वेगळे सांगायला नको : ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जमिनीचे हादरे टिपणारी यंत्रे इथे ऐकून माहीत आहेत, तत्त्व तेच, फक्त हालचाल अतिशय संथ. १६ सेकंदांच्या आवर्तकाळाची (एकदा वरखाली व्हायला १६ सेकंद घेणारी) लाट खोल पाण्यात सुमारे ४०० मीटर लांब असते. तिने बर्फ मध्यापासून अर्धा सेंटिमीटर वरखाली झाला, तर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम तेरा हजाराव्या भागाइतके भरते. इतके बारीक टिपायचे म्हणजे सेन्सर स्वस्त चालेल, पण गणित पक्के हवे. त्वरणावरून उंची काढताना वर्णपटाला, म्हणजे कोणत्या आवर्तकाळाच्या लाटेत किती जोर आहे याच्या तक्त्याला, कोनीय वारंवारतेच्या (२π भागिले आवर्तकाळ) चौथ्या घाताने भागावे लागते. आवर्तकाळ दुप्पट झाला की सेन्सरचा गोंगाट वर्णपटात सोळापट फुगतो.

खरी काटकसर आहे ती संदेशात. वीस मिनिटांत सेकंदाला दहा या हिशेबाने उभ्या त्वरणाचे १२,००० आकडे जमतात. इरिडियमच्या एका लघुसंदेशात मावतात ३४० बाइट. म्हणून प्रोसेसर जागच्या जागी वर्णपट काढतो आणि तेवढाच पाठवतो. मूळ नोंद बर्फाबरोबर जाते, याची खंत करण्यात अर्थ नाही.

भारताच्या किनाऱ्यावर सागरी बर्फ नसतो. अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ व ‘भारती’ आणि आर्क्टिकमधील ‘हिमाद्री’ ही भारतीय केंद्रे गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या अखत्यारीत येतात.

मराठवाड्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे यंत्र जुळवता येण्याजोगे आहे, पण चाचणी विचाराने घ्यावी. पैठणच्या नाथसागरात डबा तरंगवला तर झाकणातून पाणी शिरते का, सेल किती टिकतात हे कळते. लांब लाटेची परीक्षा मात्र तिथे होत नाही, कारण जलाशयात वाऱ्याला धाव कमी मिळते आणि लाटा थोड्या सेकंदांच्याच उठतात. त्यापेक्षा विहिरीच्या रहाटाला डबा बांधून, दोरीवर खुणा करून, घड्याळ लावून तो सावकाश वरखाली करावा : उंची आणि आवर्तकाळ दोन्ही आधीच माहीत असतात. इरिडियमची उपकरणे भारतात विनापरवाना वापरता येत नाहीत. गावी प्रयोग करताना तो मोडेम वगळून मेमरी कार्ड किंवा मोबाइलच्या सिमवर चालणारा मोडेम जोडावा.