लांडेनचा पिपिन आजोबा खरा, पण आईकडचा

फ्रँकांच्या, म्हणजे आजच्या फ्रान्स, बेल्जियम आणि पश्चिम जर्मनीच्या भागात राज्य करणाऱ्या लोकांच्या, इतिहासावर मराठीत काही वाचायला घेतलं की एक वंशावळ हमखास भेटते. पिपिन पहिला, त्याचा मुलगा पिपिन दुसरा, त्याचा मुलगा चार्ल्स मार्टेल, त्याचा मुलगा पिपिन तिसरा आणि मग शार्लमेन. यातली पहिलीच पायरी चुकीची आहे. लांडेनचा पिपिन हा हेर्स्टालच्या पिपिनचा बाप नव्हता आणि बापाचा बापही नव्हता. तो त्याच्या आईचा बाप होता. हा फरक किरकोळ समजून सोडून दिला, तर सातव्या शतकातल्या त्या घराण्याचं काहीच नीट कळत नाही.

हेर्स्टालच्या पिपिनबद्दल फार सांगायला नको. ६८७ मध्ये तेर्त्रीच्या लढाईत न्यूस्ट्रियाच्या (फ्रँक राज्याच्या पश्चिमेकडच्या भागाच्या) फौजेला हरवून साऱ्या फ्रँक राज्याचा कारभार हाती घेणारा तो. चार्ल्स मार्टेलचा बाप. डिसेंबर ७१४ मध्ये तो वारला.

लांडेनचा पिपिन त्याच्या दोन पिढ्या आधीचा, ऑस्ट्रेशियातला, म्हणजे राज्याच्या पूर्वेकडच्या भागातला, बडा सरदार. वृद्ध राणी ब्रुनहिल्ड पणतवाच्या नावाने राज्य चालवत असताना ६१३ मध्ये त्याने आणि आर्नुल्फ या दुसऱ्या सरदाराने न्यूस्ट्रियाचा राजा दुसरा क्लोथार याला बोलावून घेतलं. ब्रुनहिल्ड पकडली गेली, हालहाल करून मारली गेली आणि सगळं राज्य क्लोथारच्या हाती आलं. आर्नुल्फ पुढे मेट्झचा बिशप झाला. ६२३ मध्ये क्लोथारने आपला मुलगा दागोबेर याला ऑस्ट्रेशियाचा राजा केलं, तेव्हा त्याचा कारभार पाहायला पिपिन होता. ६२९ मध्ये क्लोथार वारला, दागोबेरने पॅरिसकडे मुक्काम हलवला आणि पिपिनचं वजन घटलं. दागोबेरच्या मृत्यूनंतर, ६३९ मध्ये, तो पुन्हा ऑस्ट्रेशियात कारभारावर आला, पण पुढच्याच वर्षी वारला.

इथे दोन गोष्टी पटकन. ‘लांडेनचा’ आणि ‘हेर्स्टालचा’ ही बिरुदं नंतरच्या लोकांनी चिकटवलेली आहेत, त्यांच्या काळात दोघेही नुसते पिपिन होते. पिपिन की पेपिन, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र या दोघांच्या ‘मेयर ऑफ द पॅलेस’ या पदाचं भाषांतर ‘महापौर’ करणं मला अजिबात मान्य नाही. त्या पदाचा शहराशी काही संबंध नव्हता. राजाच्या घरचा, पुढे राज्याचाच मुख्य कारभारी, हा त्याचा अर्थ. आणि या दोन्ही पिपिनांना ‘राजा’ म्हणू नये. ‘पहिला’, ‘दुसरा’ हे आकडे इतिहासकारांनी सोयीसाठी दिलेत. या नावाचा फ्रँकांचा पहिला राजा म्हणजे तिसरा पिपिन, तोही ७५१ मध्ये.

आता मूळ घोळाकडे. लांडेनच्या पिपिनच्या बायकोचं नाव इट्टा. त्यांची मुलं ग्रिमोआल्ड, बेग्गा आणि गेर्ट्रूड. बेग्गाचं लग्न आर्नुल्फचा मुलगा आन्सेगिसेल याच्याशी झालं. (आर्नुल्फला बिशप होण्याआधी बायकोमुलं होती.) ब्रुनहिल्डविरुद्ध एकत्र आलेले दोन मित्र असे व्याही झाले. बेग्गा आणि आन्सेगिसेल यांचा मुलगा म्हणजे हेर्स्टालचा पिपिन. बापाकडून तो आर्नुल्फचा नातू, आईकडून लांडेनच्या पिपिनचा.

मराठीत हा घोळ का टिकतो, याचं कारण आपल्याच शब्दांत आहे. ‘नातू’ मुलाचा मुलगाही असतो आणि मुलीचा मुलगाही. ‘आजोबा’चंही तेच. त्यात नातवाला आजोबांचं नाव दिसलं की आपण ते वडिलांचे वडील असणार असं धरून चालतो, कारण आपल्याकडे बहुधा तसंच नाव ठेवतात. फ्रँक सरदारांत आईच्या घराण्याचं नावही तितक्याच अभिमानाने दिलं जाई, विशेषतः ते घराणं मोठं असेल तर.

हा घोळ सोडवणारे शब्दही आपल्याकडेच आहेत, इंग्रजीपेक्षा कितीतरी नेमके. ग्रिमोआल्ड हा हेर्स्टालच्या पिपिनचा मामा, गेर्ट्रूड त्याची मावशी, लांडेनच्या पिपिनचं घर हे त्याचं आजोळ. तरीही इंग्रजी पुस्तकातल्या ‘अंकल’चा डोळे झाकून ‘काका’ केला जातो. त्या एका शब्दाने ग्रिमोआल्ड आर्नुल्फचा मुलगा होऊन बसतो आणि पुढची सगळी वंशावळ बिघडते.

मामा म्हटलं की गोष्ट उलगडते. बापानंतर काही वर्षांत ग्रिमोआल्डही ऑस्ट्रेशियाचा कारभारी झाला. राजा तिसरा सिगेबर्ट वारल्यावर त्याने राजाच्या लहान मुलाचे केस कापले आणि त्याला आयर्लंडला धाडून दिलं. लांब केस ही त्या राजवंशाची खूण होती, त्यामुळे केस कापणं म्हणजे गादीवरचा हक्कच काढून घेणं. गादीवर त्याने स्वतःचा मुलगा बसवला. हे जिरलं नाही. न्यूस्ट्रियाच्या लोकांनी ग्रिमोआल्डला पकडून पॅरिसला नेलं आणि ठार केलं. लांडेनच्या पिपिनची पुरुषांकडून चालणारी ओळ तिथे तुटली. तो हेर्स्टालच्या पिपिनचा बाप असता, तर या प्रकरणाचा एवढा फटका का बसला हे समजलंच नसतं.

उरलं ते बायकांमुळे. लांडेनचा पिपिन वारल्यावर इट्टाने निव्हेलला मठ स्थापन केला. गेर्ट्रूडने लग्नाला ठाम नकार दिला होता. बापाने दागोबेरला मेजवानीला बोलावलं असताना एका ड्यूकच्या मुलाने तिला मागणी घातली, तेव्हा ख्रिस्ताशिवाय दुसरा नवरा नको, असं तिने सांगितल्याचं तिच्या चरित्रात आहे. तीच निव्हेलची प्रमुख झाली. बेग्गाने आन्देनला मठ काढला. आपण हे मठ धर्माच्या कप्प्यात टाकून पुढे जातो, पण घराण्याची जमीन आणि आब सांभाळणारी ती ठिकाणं होती. म्यूज नदीच्या खोऱ्यातलं आजोळचं वजन आणि मेट्झकडचं आर्नुल्फचं वजन, दोन्ही हेर्स्टालच्या पिपिनच्या वाट्याला आली, आणि पहिलं आलं ते आईकडून. म्हणून बेग्गाचं नाव वगळून काढलेली वंशावळ मी सरळ बाजूला ठेवतो.

हेर्स्टालच्या पिपिनने स्वतः मुलांची नावं कशी ठेवली तेही पाहा. प्लेक्ट्रूड या बायकोपासून झालेल्या दोन मुलांपैकी एकाचं नाव ड्रोगो, दुसऱ्याचं ग्रिमोआल्ड, म्हणजे मारल्या गेलेल्या मामाचं. आर्नुल्फ हे नाव पुढे ड्रोगोच्या एका मुलाला मिळालं. (दुसरा ग्रिमोआल्डही ७१४ मध्ये लिएजला मारला गेला. दोघांची सरमिसळ करू नका.) चार्ल्स मार्टेलची आई प्लेक्ट्रूड नव्हे, अल्पायदा. पिपिन वारल्यावर प्लेक्ट्रूडने आपल्या नातवासाठी कारभार राखायचा म्हणून चार्ल्सला कैदेत टाकलं. तो निसटला.

त्याच सुमारास चार्ल्सला मुलगा झाला आणि त्याचं नाव पिपिन ठेवलं. यावेळी ते खरोखरच वडिलांच्या वडिलांचं होतं.