बाईला जपणारा कायदा आणि समानता जपणारा कायदा: युक्रेनमधला गोंधळ

युक्रेनबद्दल वाचताना बऱ्याच जणांची एक गल्लत होते, की तिथं बायकांसाठी एवढे कायदे आहेत म्हणजे समानता आलीच की. पण बाईला जपणारा कायदा वेगळा आणि समानता जपणारा वेगळा, आणि पहिला कित्येकदा जुना समजच असतो, फक्त त्यावर सरकारी शिक्का बसलेला. गंमत म्हणजे 1996 च्या राज्यघटनेत कलम 24 मध्ये दोन्ही शेजारी शेजारी आहेत, स्त्री-पुरुषांना समान हक्क पण तिथंच आणि बायकांच्या कामासाठी, आरोग्यासाठी खास उपाय पण तिथंच.

पहिल्या प्रकाराचं ठळक उदाहरण म्हणजे आरोग्य मंत्रालयाचा 1993 चा आदेश. जड आणि घातक कामांची यादी काढली आणि साधारण 450 कामं बायकांना बंद केली, त्यात रेल्वेचं इंजिन चालवणं, मोठी बस चालवणं असली कामं पण होती. कारण दिलं तब्येतीचं, विशेषतः मूल होण्याचं. आता काम खरंच घातक असेल तर ते पुरुषाला पण घातकच ना, मग मशीन सुरक्षित करा, पण तसं न करता बाईलाच दाराबाहेर ठेवलं आणि त्यातल्या बऱ्याच कामांना पगार चांगला होता. तिला कुणी विचारलंच नाही, माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. हा आदेश 2017 मध्ये रद्द झाला, पण कामगार कायद्यातली भूमिगत कामाची मनाई तशीच राहिली, आणि युद्ध पेटल्यावर मार्च 2022 मध्ये मार्शल लॉच्या काळापुरती बाईच्या संमतीनं ती कामं खुली केली. पुरुष आघाडीवर गेले तेव्हा खाणीत माणसं हवी होती, म्हणून.

दुसऱ्या प्रकारात 2005 चा समान हक्क आणि संधींचा कायदा येतो, 1 जानेवारी 2006 पासून लागू. नोकरीच्या जाहिरातीत फक्त पुरुष हवेत किंवा फक्त बायका हव्यात असं लिहायचं नाही, मुलं कधी होणार म्हणून विचारायचं नाही. इथं बंधन मालकावर आहे, बाईवर नाही, आणि ओळखायची सोपी खूण हीच. गरोदरपणाची रजा वगैरे मी पहिल्या खात्यात अजिबात टाकत नाही, ती हवीच, आणि 2021 मध्ये बापालाही मूल झाल्यावर 14 दिवसांची पगारी रजा मिळाली ते तर फारच बरं झालं, कारण मूल सांभाळणं आईचंच काम हा समज तिथंच ढिला होतो.

लष्करात हे अजून स्पष्ट दिसतं. 2014 नंतर डोनबासमध्ये, म्हणजे पूर्व युक्रेनमधल्या युद्धाच्या भागात, बायका लढत होत्या पण कागदावर स्वयंपाकीण, शिवणकाम करणारी अशी नोंद, म्हणजे लढाईचा दर्जा आणि त्यासोबतचे फायदे मिळवताना अडचण. 2016 मध्ये लढाऊ पदं उघडायला सुरुवात झाली, 2018 मध्ये सेवेत समान हक्काचा कायदा झाला. आणि तरीही 2021 मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या परेडच्या सरावात मुलींना उंच टाचांचे बूट घालून चालवलं, फोटो बाहेर आले, लोक भडकले, काही महिला खासदार निषेध म्हणून बुटांचे जोड घेऊन संसदेत आल्या. कायदा होऊन तीन वर्षं झाली होती, आणि बायकांच्या मापाचा उन्हाळी फील्ड युनिफॉर्म मंजूर व्हायला 2023 उजाडलं.