फसफसणारा दगड सोन्याचा नसतो

विहीर खोदताना निघालेला चकाकणारा दगड चुंबकाला चिकटला नाही आणि त्यावर ॲसिड टाकल्यावर फसफसला, तर त्यात सोने आहे, असे खानदेशात कोणाला वाटू शकते. प्रत्यक्षात फसफसणे ही चुनखडीतल्या कॅल्साइट या खनिजाची खूण असून त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सोन्यावर मात्र साध्या ॲसिडचा काहीच परिणाम होत नाही. चुंबकाची कसोटी तर त्याहून पोकळ आहे, कारण गारगोटीसुद्धा चुंबकाला चिकटत नाही.

येथील बहुतेक खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा बेसॉल्ट असून त्याच्या पोकळ्यांत कॅल्साइट, गारगोटी आणि झिओलाइटचे स्फटिक वाढतात. कर्नाटकातील हट्टीचे सोने ज्या खडकांत सापडते, ते याहून कितीतरी प्राचीन आणि वेगळ्या जातीचे आहेत.

घरी करण्याजोगी खरी परीक्षा म्हणजे लादीच्या खरखरीत, बिनचकाकीच्या मागील बाजूवर पिवळा कण घासणे: सोन्याची रेघ पिवळीच उमटते, तर सोन्यासारख्या दिसणाऱ्या पायराइट या फसव्या खनिजाची हिरवट काळी. सोने सुईने दबते, पायराइटचा चुरा होतो आणि अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. मात्र खाणीच्या दगडात टनामागे काही ग्रॅमच सोने असू शकते व ते डोळ्यांना दिसतही नाही. ते फक्त प्रयोगशाळेतच कळते. जळगावच्या सराफाची कसोटी दागिन्यासाठी असते, दगडासाठी नव्हे, आणि तिचे नायट्रिक ॲसिड विषारी वाफांमुळे घरात वापरूच नये.