पायलटचा रेडिओ परवाना: पात्रता, कागदपत्रं आणि तयारी

कमर्शिअल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएलच्या मागे लागलेली मुलं नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकलच्या पेपरांसाठी जिवाचं रान करतात. २०० तासांचं उड्डाण पूर्ण करताना घरच्यांची जमापुंजी पणाला लागते. रेडिओची परीक्षा मात्र ‘नंतर बघू’ म्हणून मागे पडते आणि शेवटी फाइल तिथेच अडकते. विमानातून रेडिओवर बोलायला स्वतंत्र परवाना लागतो. त्याचं नाव फ्लाइट रेडिओ टेलिफोन ऑपरेटर्स लायसन्स, थोडक्यात एफआरटीओएल. तो मिळवण्यासाठी आरटीआर-ए ही विमानातल्या रेडिओ संभाषणाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि तो हातात असल्याशिवाय सीपीएल मिळत नाही.

जुन्या नोट्स आणि व्हिडिओंवर विसंबून असाल तर आधी एक बदल लक्षात घ्या. आरटीआर-ए अनेक वर्षं दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही वायरलेस परवान्यांचं काम पाहणारी शाखा घेत असे आणि उमेदवाराला दोन खात्यांत हेलपाटे घालावे लागत. १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी आलेला भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि ही जबाबदारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे आली. त्यामुळे परीक्षेची सूचना, शुल्क आणि तारखा डीजीसीएच्या संकेतस्थळावरच पाहा. ‘दूरसंचारकडे अर्ज करा’ असं सांगणारी माहिती आता कालबाह्य आहे.

पात्रतेचा भाग सोपा आहे. एफआरटीओएलसाठी वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत आणि दहावी उत्तीर्ण हवी. सीपीएललाही वयाची अट १८ वर्षांचीच आहे, पण तिथे बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेली बरीच मुलं हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालय संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून पूर्ण करतात.

कागदपत्रांत खरी मेख आहे. डीजीसीएच्या परीक्षांना बसण्याआधी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे उमेदवाराचा नोंदणी क्रमांक काढावा लागतो. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो, सही आणि बोर्डाकडून झालेली गुणपत्रिकेची पडताळणी लागते. राज्य मंडळाची नऊ विभागीय मंडळं आहेत. पडताळणीचं पत्र तुमच्या गुणपत्रिकेवरच्या विभागाकडूनच मिळतं, म्हणून लातूर विभागातून बारावी झालेल्या मुलाने पुण्याच्या कार्यालयात चकरा मारून काही उपयोग नाही.

नावाचं प्रकरण तर आपल्याकडे हमखास उद्भवतं. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम असतो. आधारवर स्वतःचं नाव आधी असतं, पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा, आणि एखाद्या कागदावर वडिलांचं नाव गळालेलं. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज परत येऊ शकतो. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या. गरज पडली तर राजपत्रात नावबदल करा. उड्डाणाचे तास सुरू होण्याआधी हे उरकलं तर पुढची वर्षं सुखाची जातात.

आता परीक्षेविषयी. रेडिओवरचं प्रत्यक्ष बोलणं आणि नियम व रेडिओच्या तत्त्वांची जाण हा तिचा गाभा. इंजिन सुरू करण्याची परवानगी मागण्यापासून उतरून पार्किंगपर्यंत कुठल्या टप्प्यावर कोणाशी काय बोलायचं, हे जिभेवर बसलेलं असावं लागतं. नागपूरच्या धावपट्टीपाशी तुम्ही थांबला आहात असं समजा. तुमच्या विमानाचा नोंदणी क्रमांक व्हीटी-एबीसी धरा. तुम्ही म्हणता, ‘नागपूर टॉवर, व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, होल्डिंग पॉइंट, रनवे ट्री टू, रेडी फॉर डिपार्चर.’ तीनचा उच्चार ‘ट्री’ आणि नऊचा ‘नाइनर’, कारण खरखरत्या रेडिओवर आकडे एकमेकांत मिसळू नयेत. आणि इथे ‘टेक-ऑफ’ हा शब्द तुम्ही उच्चारायचा नाही. तो येतो फक्त टॉवर उड्डाणाची परवानगी देतो तेव्हा, किंवा ती रद्द करतो तेव्हा, आणि तुमच्या रीडबॅकमध्ये, म्हणजे टॉवरची सूचना तुम्ही परत म्हणून दाखवता तेव्हा.

या नियमामागे मोठी किंमत मोजलेली आहे. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या विमानतळावर दोन जंबो जेट धावपट्टीवरच धडकली आणि ५८३ माणसं गेली. एका कॅप्टनला परवानगी मिळाल्यासारखं वाटलं होतं, ती मिळालेली नव्हती. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जणांचा मृत्यू झाला. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं. पायलटांचं कच्चं इंग्रजी आणि रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा असणं, या गोष्टी तेव्हा ठळकपणे पुढे आल्या.

म्हणूनच रीडबॅकला इतकं महत्त्व आहे. रूटची परवानगी, धावपट्टीवर जाण्याची, ओलांडण्याची किंवा तिच्या अलीकडे थांबण्याची सूचना, उंची, दिशा, वेग, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब), ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड हे सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवावं लागतं. इथे नुसतं ‘रॉजर’ चालत नाही. रॉजर म्हणजे ‘ऐकलं’ एवढंच, ‘तसं करतो’ यासाठी ‘विल्को’. संकटासाठी तीनदा ‘मेडे’, त्याहून कमी तातडीला तीनदा ‘पॅन-पॅन’. आणीबाणीची फ्रिक्वेन्सी १२१.५ मेगाहर्ट्झ. ट्रान्सपॉन्डरवर ७७०० म्हणजे आणीबाणी, ७६०० म्हणजे रेडिओ बंद पडला, ७५०० म्हणजे अपहरण. हे सगळं झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवं.

इंग्रजीची चाचणी वेगळी असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी लागते. मराठी माध्यमातल्या मुलांनी याचा धसका घेऊ नये. तिथे उच्चार परदेशी हवा असं काही नाही, तो समजण्यात आडकाठी येऊ नये एवढंच पाहतात. ठरावीक वाक्यांपलीकडची अडचण, जसं प्रवाशाची तब्येत बिघडली किंवा पक्षी धडकला, ती साध्या शब्दांत सांगता यायला हवी. याचा सराव गोंदिया-धुळ्यासारख्या ठिकाणी शिकतानाच मित्रासोबत रोज करता येतो. एकाने टॉवर व्हायचं, दुसऱ्याने पायलट.

अमेरिकेत तास पूर्ण करून परत येणाऱ्यांनाही भारतीय परवान्यासाठी एफआरटीओएल लागतो. त्यांनी सवयी बदलायला थोडा वेळ राखून ठेवावा. तिथे फ्रिक्वेन्सी सांगताना ‘पॉइंट’ म्हणतात, इथे ‘डेसिमल’. तिथे हवेचा दाब इंचांत, इथे हेक्टोपास्कलमध्ये. भारतातल्या पद्धती भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपीमध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत दिलेल्या आहेत आणि ती ऑनलाइन वाचता येते. आपण ज्या विमानतळांवरून उडतो त्यांची पानं तरी परीक्षेआधी नीट वाचून ठेवा.